शकुची कानस

"करवतीची चेन माझ्या वळखीची असा. तू भाकऱ्यांकडे बघ," लवू म्हणाला, आणि शकुनं तवा उतरवला.

घाटकोपरच्या टेकडीवरल्या त्या वस्तीत लवू इंजिनाची करवत खांद्यावर टाकून निघाला की वाटावं, गडी वाघ मारून आलाय. धार लावायची अक्कल मात्र दातभर. शकुचा बाप कुडाळला कोयते-करवती घासायचा. तिचा हात लहानपणापासून कानशीवर बसलेला. पण बायकोला विचारलं तर मिशी उतरायची ना!

आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं शेजारच्या कुंदाच्या पत्र्यावर जांभूळ कलंडलं होतं. घरातली माणसं बाहेर काढली होती, फांदी कापल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. लवूनं करवत घातली. लाकडाचे कपचे पडायचे सोडून पिठासारखा भुसा पडला नि धूर निघाला.

"लवूदादा, झाड कापताय की भाजताय?" कुंदानं विचारलं.

लवू घरी आला. चेनच्या प्रत्येक दातापुढं एक बुटकी गाठ असते. एका घासाला दातानं किती लाकूड खायचं ते ती ठरवते. लवूनं सगळ्या गाठी घासून सपाट केल्या.

"असां करू नकात, उसळतला," शकु म्हणाली.

"तुका काय कळता?"

तो परत गेला. फांदीला करवतीचं नाक, म्हणजे पात्याचं टोक, लागताच मशीन उसळलं ते थेट लवूच्या कपाळाकडं. ब्रेक लागला म्हणून कपाळ राहिलं. लवू मातीत बसला. मिशा तेवढ्या ताठ होत्या.

शकुनं करवत सगळ्यांदेखत आपल्या दारात आणली. तिनं मशीन थंड होऊ दिलं, चुकून सुरू होऊ नये म्हणून प्लगची टोपी काढली, जाड हातमोजे चढवले. सपाट केलेली चेन भंगारात टाकली आणि जुनी, नुसती बोथट झालेली चेन चढवून पातं शिकंज्यात धरलं. पहिल्या दातावर खडूची खूण केली. गोल कानस आतून बाहेर, एकाच दिशेनं, प्रत्येक दाताला मोजून चार हात फिरवली. एका बाजूचे झाले की दुसऱ्या बाजूचे. मग चेन ताणली. हातानं ओढली तर फिरावी, पण पात्यावरून लोंबू नये. शेवटी तेल.

"घ्या. रेटू नकात. तिचा ती खातली."

या खेपेला कपचे उडाले. दुपारपर्यंत कुंदाच्या घरात चूल पेटली. लवू सगळ्यांना सांगत होता, "धार कशी लावलंय बघा."

संध्याकाळी खालच्या वस्तीतला झाडतोड्या धोंडिराम दोन बोथट चेन घेऊन दारात आला. लवूनं ऐटीत हात पुढं केला. धोंडिराम त्याला वळसा घालून आत गेला.

"वहिनी, ह्या जरा बघता का?"

शकुनं चेन उजेडात धरून दात पाहिले. "बसा," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "अवो, दादांका चाय टाका. साखर कमी."

लवूनं स्टो पेटवला.