वाटणीची माती

पाणी अडवणारी फळी हलवून हलवून हिसाएने वर ओढली आणि खाचरातलं तपकिरी पाणी खळखळत ओहोळात पडलं. मागे लावणीच्या यंत्रावर बसलेला तिचा मुलगा ताकुया घड्याळ बघत होता. मे महिन्यातल्या सलग सुट्ट्यांत तो ओसाकाहून यायचा, लावणी उरकायचा आणि परत जायचा. चिखलणी कालच झाली होती. गाळ खाली बसायला आणखी काही दिवस हवे होते, पण ताकुयाकडे ते नव्हते, आणि एवढ्या पाण्यात यंत्र रोपं धड रोवत नाही.

हिसाएला हे कळत नव्हतं असं नाही. हिवाळ्यात गावच्या सभेत शेती खात्याच्या माणसाने सगळ्यांना समजावलं होतं. चिखलणीला पाणी बेताचं घ्या, ढेकळांची डोकी वर दिसू द्या, म्हणजे लावणीआधी पाणी काढावंच लागणार नाही. फळ्या बंद ठेवा, खताचं आणि मातीचं पाणी सरोवरात सोडू नका. सभेत पहिली मान हिसाएनेच डोलावली होती. मग घरी येऊन, नवरा हयातभर करत आला तसं, खाचर काठोकाठ भरून चिखलणी केली. भरपूर पाण्यात जमीन कशी छान सपाट होते, आणि येणारे-जाणारे बघत असतात.

तिचं खाचर गावातलं शेवटचं. त्याच्या पुढे ओहोळ, मग लव्हाळी आणि मग बिवा सरोवर. ओहोळाच्या तोंडाशीच तिचा धाकटा दीर कात्सुमी होडीत उभा राहून जाळं उचलत होता. घरची सगळी जमीन थोरल्याला, म्हणजे हिसाएच्या नवऱ्याला मिळाली होती. कात्सुमीने त्यावर चकार शब्द काढला नाही, होडी घेतली आणि सरोवरावर पोट भरलं. आता गढूळ पाणी पसरत पसरत त्याच्या जाळ्याच्या खुंटांपर्यंत गेलं. गाळ धरलेलं जाळं माशाला लांबून दिसतं आणि तो वळून जातो. लव्हाळ्यांना चिकटलेली अंडी त्याच गाळाखाली गुदमरतात. कात्सुमीने जाळं झटकलं, पुन्हा झटकलं. मग त्याला वहिनी दिसली आणि दरवर्षीसारखा त्याने हात वर केला.

हिसाएने हॅटची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. हात वर करणं काही तिच्याने झालं नाही.

भर उन्हाळ्यात फुनाझुशी घालायचे दिवस आले. वसंतात खारवून ठेवलेले फुना मासे भाताच्या थरांत दाबायचे, वर धोंडा ठेवायचा आणि नव्या वर्षापर्यंत मुरू द्यायचे. मासे कात्सुमीचे आणि भात हिसाएचा, हे ठरलेलंच होतं. दरवर्षी तो मोठं पिंप घेऊन यायचा. यंदा एक लहानशी बादली हलवत आला.

"वहिनी, यंदाच्या माशांना एवढा भात बास."

"एवढ्याशा भातात काय होतंय? मांजराचं तरी पोट भरेल का?"

"मांजर रुसून शेजारी राहायला गेलंय."

हिसाएने भात परातीत पसरला. तो निवेपर्यंत बोललं नाही तर पुढे कधीच बोलणं होणार नाही, असं तिला वाटलं.

"भाऊजी, मे महिन्यात फळी मी काढली होती."

"माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आपल्या शेतातली माती मला ओळखू येणार नाही होय? त्यात लोळून मोठा झालोय." त्याने भाताला हात लावून पाहिला. "वाटणीत मला जमीन नाही ना मिळाली. आता तुम्ही दरवर्षी थोडी थोडी धाडताय."

तो हसला. बोलण्यात जराही धार नव्हती, आणि त्यानेच हिसाए मेल्याहून मेल्यासारखी झाली. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

नव्या वर्षाला कात्सुमीने नेहमीसारखा एक मुरलेला मासा तिला आणून दिला आणि होडी विकल्याचं सांगितलं. गुडघे साथ देत नाहीत म्हणाला. गुडघ्यांचं निमित्त दोघांनीही मान्य केलं.

वसंत आला तेव्हा हिसाएने ताकुयाला फोनवर सांगून टाकलं की चिखलणीनंतर आठवडाभर गाळ बसू देणार, लावणीला त्यानंतरच ये, जमत नसेल तर येऊ नकोस. त्याच्या सुट्टीच्या आड ती आजवर कधी आली नव्हती. पाणी तिने इतकं बेताचं घेतलं की ढेकळं उघडी दिसत होती. शेजारचा नागाता बांधावर थांबून म्हणाला, "हिसाएबाई, रात्री रानडुकरं शिरली होती की काय?" फळीच्या दोन्ही कडांना तिने चिकट माती हातांनी दाबून दाबून बसवली. एक थेंब बाहेर गेला नाही.

लावणी झाली, पण एक कोपरा उंच राहिला आणि तिथली रोपं आडवी पडली. ताकुया निघून गेल्यावर ती एकटीच वाकून ती पुन्हा लावत होती.

"कोपरा उंच राहिलाय, वहिनी," कात्सुमी बांधावरून म्हणाला आणि पँट वर दुमडून आत उतरला. गुडघे दुखतात ना, असं ती म्हणाली, पण त्याने ऐकलं नाही. वडिलांच्या खाचरात तो कितीतरी वर्षांनी उतरला होता. समोर सरोवरात त्याचे खुंट मोकळेच उभे होते. हिसाएला तिकडे बघवेना.

काम संपल्यावर तो बांधावर बसला. पोटरीपर्यंत माती होती. ओहोळ दोन पावलांवर होता आणि त्याचं पाणी स्वच्छ वाहत होतं. त्याने तिच्याकडे बादली मागितली. बादलीत पाय धुतले, बोटांच्या फटी धुतल्या, मग उठून ते गढूळ पाणी खाचरात ओतलं. तळाशी थोडी माती राहिली होती. ती त्याने बोटाने निपटून काढली आणि आत टाकली.

हिसाए पंचा घेऊन उभी होती.