सागरमिनागा म्हणजे काय

मुक्ताने स्पेनच्या बास्क भागातल्या इन्याकीशी लग्न केलं तेव्हा तिच्या वडिलांना, नागेश बोरवणकरांना, जावयापेक्षा त्याच्या आडनावाचं कौतुक जास्त वाटलं होतं. सागरमिनागा. त्यांनी ते दोनतीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि जाहीर केलं की हे आपल्याकडूनच तिकडे गेलेलं आहे. सागर, मीन आणि नाग. समुद्र, मासा आणि साप. बास्क लोक हजार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर उतरले असणार. नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी यावर मोठा मजकूरही टाकला. इन्याकीला मुक्ताने तो वाचून दाखवला तेव्हा तो नुसता हसला. खोडून मात्र काढलं नाही. मुक्ताला त्याचं नवल वाटलं, कारण एरवी तो चुकीचं काही कानावर पडलं की लगेच दुरुस्त करणारा माणूस होता.

दोघं ड्रेस्डेनला राहत होते. इन्याकी संगणकाच्या चिप्स बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर होता आणि मुक्ता टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती. २०१५च्या सप्टेंबरात त्यांना मुलगी झाली. तिचं नाव ऊर्जा ठेवायचं हे आधीच ठरलं होतं. नागेश आणि मुक्ताची आई प्रभा बाळंतपणासाठी पुण्याहून आले होते. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सगळं बॅगेतून आलं.

ऊर्जा आठ-दहा दिवसांची असताना मुक्ता जेवताना सहज म्हणाली, "आम्ही तिला फक्त बोरवणकर लावतोय. इथे सहसा एकच आडनाव लावतात."

नागेशच्या चेहऱ्यावर आनंद आधी आला आणि मग तो हळूहळू मावळला. "आणि इन्याकीरावांचं?"

"त्यालाच नकोय."

"अगं, पण त्या नावाची माणसंच किती आहेत?"

"स्पेनमध्ये थोडीफार असतील, तीही बहुतेक बास्क मुलखातल्या बिस्काय प्रांताकडची. जर्मनीत तर आम्हाला दुसरं कुणी सापडलं नाही."

"मग तर लावलंच पाहिजे."

प्रभाताई वरण वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, त्यांचं नाव, त्यांचं मूल. तुम्ही का मध्ये पडता?"

पण नागेशना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी इन्याकी बाळाला बाबागाडीत घालून एल्बच्या काठी फिरायला निघाला तेव्हा तेही सोबत गेले. नदीकाठच्या कुरणात लोक उन्हात पडले होते. थोडं चालल्यावर नागेशनी इंग्रजीत सरळ विचारलं.

इन्याकी गाडी ढकलत राहिला. "बाबा, मी सात वर्षांचा असताना माझे वडील घर सोडून गेले," तो म्हणाला. "फ्रान्समध्ये कामाला जातो म्हणाले आणि परत आलेच नाहीत. कधी फोन नाही, माझ्या वाढदिवसाला कार्ड नाही. त्यांनी मला दिलेली एकच गोष्ट म्हणजे हे नाव. कुणी स्पेलिंग विचारलं की मला ते आठवतात. माझ्या मुलीला त्यांचं काही नको."

आपण या नावावर केलेली गंमत नागेशना एकदम नकोशी वाटली. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसंच. मी पुन्हा विषय काढणार नाही." त्यांनी तो खरंच काढला नाही.

पुढच्या आठवड्यात इन्याकीची आई आमाया आली. सत्तरीकडे झुकलेली, ठेंगणी, मजबूत बांध्याची बाई. तिला फक्त बास्क आणि स्पॅनिश येत होतं. प्रभाताईंना फक्त मराठी आणि तोडकंमोडकं हिंदी. तरी पहिल्या संध्याकाळपासून दोघी मिळून बाळाला न्हाऊ घालू लागल्या. पाणी किती गरम असावं यावर त्यांचं हातवाऱ्यांनी भांडणही झालं आणि ते प्रभाताई जिंकल्या.

रविवारी सगळे जेवायला बसले होते. आमायाने बाळाच्या नावाचं विचारलं. इन्याकीने स्पॅनिशमध्ये थोडक्यात उत्तर दिलं. तिने काटा खाली ठेवला आणि मुक्ताकडे बघून म्हणाली, "मी बोलते ते तुझ्या आईवडिलांना सांग. त्यांनाही कळू दे." मुक्ताला स्पॅनिश बऱ्यापैकी येत होतं. ती वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगत गेली.

"सागरमिनागा हे कुणा माणसाचं नाव नाही," आमाया म्हणाली. "ते घराचं नाव आहे. आमच्याकडे आधी घराला नाव असतं, मग त्यात राहणाऱ्यांना ते लागतं. सागर म्हणजे सफरचंद. मिन म्हणजे जिभेला झोंबणारं. आगा म्हणजे ते जिथे असतं ती जागा. आमच्या घरामागे उतारावर रानटी सफरचंदं होती. इतकी आंबट की मुलं पैजा लावून खायची."

मुक्ताने हे सांगितलं तसे नागेश चपापले. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई ताटाकडे बघत होता.

प्रभाताईंचा मात्र घास हातात तसाच राहिला. "रानटी, आंबट फळांची जागा," त्या म्हणाल्या. "म्हणजे बोरवणच की. बोरांचं वन. आपलंही नाव तेच झालं."

मुक्ताच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिने ते आमायाला समजावलं. बोर म्हणजे काय हे सांगायला तिला बराच वेळ लागला. लहान, गोल, आंबटगोड, रानात वाढणारं, काटेरी झाडाला लागणारं. आमायाने मान हलवली आणि प्रभाताईंच्या हातावर हात ठेवला. मग ती मुलाकडे वळली. आता ती बास्कमध्ये बोलली, आणि त्याने स्वतःच ते इंग्रजीत सांगावं म्हणून थांबत गेली.

इन्याकी अडखळत सांगू लागला. "आई म्हणते, माझे वडील गेल्यावर ती त्याच घरात राहिली. त्यांच्या आईवडिलांचं म्हातारपण तिने काढलं. सफरचंदांचं सायडर गाळायची, गाई बघायची. तिचं स्वतःचं आडनाव वेगळं होतं, पण गावात कुणीच तिला त्या नावाने ओळखत नव्हतं. पोस्टमन, बेकरीवाला, पाद्री, सगळे तिला सागरमिनागाची आमाया म्हणायचे." तो थांबला. मग आईकडे बघत त्याने पुढचं सांगितलं. "ती म्हणते, वडील गेले त्या दिवशी ते नाव तिथेच ठेवून गेले. ते तिने सांभाळलं. मला ते तिच्याकडून मिळालंय."

इन्याकी उठून बाल्कनीत गेला. मुक्ता उठायला लागली, पण आमायाने तिला खूण करून बसवलं आणि ती स्वतःही गेली नाही. प्रभाताईंनी तिच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

बऱ्याच वेळाने तो आत आला. "आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तू कधी विचारलंच नाहीस," ती म्हणाली. "वडिलांचं नाव निघालं की तू खोलीतून जायचास. मला वाटलं, विसरू दे."

मंगळवारी इन्याकी आणि मुक्ता जन्मनोंदणीच्या कचेरीत, स्टान्डेसआम्टमध्ये, गेले. वडील स्पॅनिश असल्यामुळे मुलीला तिकडच्या पद्धतीने दोन्ही आडनावं लावता येतील, असं तिथल्या बाईंनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं. "कोणतं आधी?" त्यांनी विचारलं. मुक्ताने नवऱ्याकडे पाहिलं.

"बोरवणकर आधी," इन्याकी म्हणाला. "पुढे कुणी विचारलं तर तिला दोन्हीचा अर्थ एकदमच सांगता येईल."

घरी नागेशनी ग्रुपवर नवा मजकूर टाकला. आपला आधीचा शोध साफ चुकीचा होता, असं त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि विहीणबाईंनी सांगितलेला अर्थ नीट समजावून दिला. पुसून टाका तो जुना मेसेज, असं प्रभाताई म्हणाल्या, पण नागेशनी तो राहू दिला.

आमाया महिनाभर राहिली. इन्याकी रोज कामावरून आला की तिच्यापाशी बसायचा आणि एकेक विचारायचा. सायडर कोणत्या महिन्यात गाळायचे, आजोबा गाईंना काय हाका मारायचे, उतारावरच्या झाडांतली किती अजून उभी आहेत. तीन आहेत, ती म्हणाली, आणि एकाला अजून फळं लागतात. मुलीशी घरात जर्मनच बोलायचं असं त्याने ठरवलं होतं. एका संध्याकाळी मुक्ता आतल्या खोलीत गेली तर तो ऊर्जाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता आणि तिच्याशी बास्कमध्ये बोलत होता. काही शब्द त्याला आठवत नव्हते. तेवढे तो दारातून हाक मारून आईला विचारत होता.