घारीवरचे बालंट
फोनवर भांडताना एका जागी उभे राहणे दत्तोबाला कधी साधले नाही. जत्रेच्या पत्रिकेत कोणाचे नाव आधी छापावे, यावरून चुलतभाऊ राजेंद्राशी त्याचा वाद जुंपला होता आणि मुद्दा जसजसा तापत गेला, तसतशी अंगणातली येरझारही वाढत गेली. "मान वयावर ठरत न्हाई, राजेंद्र. मान म्हंजे..." एवढे बोलून तो ऐटीत मागे वळला, आणि टाचेखाली काहीतरी मऊ आले.

ते पिलू होते.

शालूबाईने माहेरून, कुसगावहून आणलेल्या काळ्या कोंबडीचे वाण वीस वर्षे या घरात टिकले होते. गेल्या उन्हाळ्यात मर येऊन खुराडे ओस पडले. उरलेली एक कोंबडी अकरा अंड्यांवर खुडूक बसली; दहा नासली, एकातून पिलू निघाले, आणि चौथ्या दिवशी कोंबडीलाही मुंगसाने नेले. तेव्हापासून हे एकुलते पिलू चालत्या माणसाची टाच हीच आई समजून तिच्यामागे धावे. भावाला भेटायला निघताना शालूबाई बजावून गेली होती, "अवं, बसून ऱ्हावा. तुमी चाललात की ते बी चालतं." चारला ती परतणार होती, आणि आता सव्वातीन झाले होते.

पिलाची मान कलंडली होती. चोच उघडी, डोळ्यांवर पातळ पडदा, एक पाय मागे ताणलेला. दत्तोबाने ते उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. चमच्याने पाणी पाजू पाहिले, तर ते ओघळून गळ्याखालची लव भिजली. ती पुसायला फडके शोधत तो घरभर हिंडला. पिलू जगेल की नाही, या घोरापाठोपाठ दुसरा घोर लागलेलाच होता: शालूबाईला सांगायचे काय? चाळीस वर्षांच्या संसारात त्याने पुष्कळ वाद जिंकले होते. पण ज्यात आपल्याला बाजूच नाही, तो वाद कसा लढवावा, हे त्याला ठाऊक नव्हते. अखेर कुंपणापाशी जाऊन त्याने शेजारच्या सावित्राबाईला हाक मारली आणि तिने विचारण्याआधीच सांगून टाकले, "मावशी, घारीनं टाकलं बगा पिलू."

सावित्राबाई डोंगरावरच्या वाडीत वाढलेली. कोंबड्यांत तिचा जन्म गेला होता. पिलू तळहातावर घेऊन तिने पाठीवर फुंकर घातली आणि लव बाजूला सारून पाहिले.

"नख कुटं लागलंय?"

"ओझरतं धरलं असंल."

"ओझरतं," ती म्हणाली. "घमेलं आणा. अन् एक काठी."

पिलू फडक्यावर ठेवून तिने वर लोखंडी घमेले पालथे घातले आणि वाऱ्यासाठी कडेखाली खडा सरकवला. दडपलेल्या पिलाला असे झाकून वर हळूहळू वाजवले, की गेलेला जीव नादाने माघारी फिरतो, हे दत्तोबा लहानपणापासून ऐकत आला होता. सावित्राबाईने काठीला मात्र हात लावला नाही.

"वाजवा की, मावशी."

"मी कशी वाजवू? ज्याच्याकडनं झालं त्यानंच वाजवायचं असतं. न्हाईतर गुण येत न्हाई."

"असला नियम मी कवा ऐकला न्हाई."

"तुमी ऐकता कवा, भाऊ? तुमी बोलता."

"अन् घारीनं केलं असलं तर?"

"मंग घारीला बोलवा," असे म्हणून ती पदराने वारा घेत पायरीवर बसली.

नियम खरा, की म्हातारीने जागच्या जागी रचलेला? त्याच्यापाशी तीन हरकती तयार होत्या आणि तिन्ही बिनतोड होत्या. घमेल्याखाली मात्र काहीच हालत नव्हते. दत्तोबाने काठी उचलली.

"दार न्हाई ठोकायचं," सावित्राबाई तिकडे न पाहता म्हणाली. "दाणं टिपल्यागत. हळू."

तो वाजवू लागला. गुडघ्यांना रग लागली, खिशात फोन थरथरून थांबला, पुन्हा थरथरला. दर पाचव्या ठोक्याला घमेले उचलून पाहण्याची ऊर्मी यायची आणि दर सहाव्याला पाहायची भीती.

"बगू का?"

"न्हाई."

"मेलं असंल तर उगाच..."

"उगाच तर उगाच. वाजवा."

फाटकाशी रिक्षा थांबली. पिशवी घेऊन शालूबाई आत आली, आणि तो नाद ऐकताच जागीच थबकली.

"काय झालं?"

सावित्राबाई अंगणातल्या जांभळीच्या शेंड्याकडे पाहत राहिली. दत्तोबाच्या जिभेवर घार तयार होती.

"माझा पाय पडला," तो म्हणाला. "राजेंद्रशी भांडत हुतो."

शालूबाईने घमेले उचलले. पिलू छातीवर बसले होते. डोळे उघडे, एक पाय कडेला फाकलेला. उजेडाने दचकून ते चिरकले. तिने पाय चाचपला, पदराची चिंधी फाडून दोन्ही पाय सैलसर बांधले आणि पिलू दत्तोबाच्या ओंजळीत दिले.

"जगंल?"

"उद्या कळंल. ऊब पायजे. आता हालायचं न्हाई, अन् फोन घ्यायचा न्हाई."

"मावशी, तो नियम..."

"कसला नियम?" शालूबाईने विचारले.

"माझ्या शेळ्या ऱ्हायल्यात सोडायच्या," म्हणत सावित्राबाई उठली.

तिला थांबवावे म्हणून दत्तोबा अर्धवट उठला आणि लगेच खाली बसला. ओंजळीत काहीतरी भराभर धडधडत होते. ते पिलाचे काळीज की आपलीच नाडी, हे त्याला ठरवता येईना; आणि ओंजळ उघडून पाहायची सोय नव्हती.