एवारिस्तोचा गुरुवार

"हृदय घोड्यासारखं ठणठणीत आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले, तेव्हा एवारिस्तो पाल्युका खूश व्हायच्या ऐवजी भडकला.

"तिसऱ्यांदा तेच सांगताय! मग लिफ्टच्या टपावर उभा राहिलो की छातीत हातोडा कोण मारतं?"

"मानसोपचार घ्या," म्हणत डॉक्टरांनी चिठ्ठी खरडली.

बत्तीस वर्षं ब्युनोस आयर्समधल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस तो. लिफ्टच्या चौदा मजली पोकळ विहिरीच्या तोंडाशी पाय सोडून बसून त्याने निवांत जेवणं उरकली होती. मार्चपासून मात्र तिथे नुसतं डोकावलं तरी घाम फुटत होता.

घरी ग्रासिएलाने, त्याच्या बायकोने, ऐकून घेतलं आणि 'माते' या कडवट हिरव्या चहाचा कढत प्याला पुढे सरकवला. "पंधरा वर्षं बोंबलतेय मी, मानसतज्ज्ञाकडे जा म्हणून. माझी बहीण जाते, कोपऱ्यावरचा औषधवाला जातो. अख्ख्या शहरात तूच एक राहिलायस."

"मी वेडा नाही."

"वेड्यांना कुठे कळतं रे, जायला हवं म्हणून!"

गेला. युनियनच्या दवाखान्यात दोन तास रांग लावली. मानसतज्ज्ञांच्या यादीतले पहिले गृहस्थ निवृत्त झाले होते, दुसऱ्या बाई फक्त लहान मुलांना बघत, तिसऱ्यांची वेळ चार महिन्यांनंतरची.

"चार महिने?" तो खिडकीवर ओरडला. "लिफ्टमध्ये अडकलेल्या म्हातारीला मी असं सांगितलं तर चालेल?"

खिडकीतल्या मुलीने शांतपणे अर्ज पुढे केला.

शेवटी कोणाची तरी वेळ रद्द झाली म्हणून नोएमी शुख्मानबाईंकडचा गुरुवार मिळाला, दुपारी चारचा. बाई साठीच्या, चष्मा कपाळावर, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. तो सोसायटीच्या कमिटीवर घसरला, जावयावर घसरला, रहदारीवर घसरला. बाई "हं" म्हणायच्या. जरा रंगात आला की, "आज इथेच थांबू."

"आत्ता कुठे सुरू झालो होतो!"

"पुढच्या गुरुवारी."

चौथ्या गुरुवारी त्याचा संयम सुटला. "काय शोधताय तुम्ही? मार्चमध्ये काही झालंच नाही हो! दोर तुटला नाही, कोणी पडलं नाही. मी खाली बघितलं आणि वाटलं, आता मी हात सोडणार. सोडायचा नव्हता मला! पण वाटलं. ग्रासिएलाला नाही सांगितलं."

"किती दिवस हे एकट्यानेच सांभाळताय?"

"सहा महिने."

मग त्याला रडू फुटलं. कागदी रुमालांचा डबा नेमका हाताशी ठेवलेला बघून तर त्याला आणखीच राग आला.

"बरा कधी होईन?" नाक पुसत त्याने विचारलं.

"आत्ताच नाही सांगता येणार."

"निदान खोटं तरी बोला, बाई!"

त्या संध्याकाळी त्याने ग्रासिएलाला सगळं सांगितलं. ती नुसती त्याच्याजवळ सरकून बसली. दुसऱ्या दिवशी त्याने मुकादमाला सांगितलं, मला वर पाठवू नका.

आता तो कारखान्यात बाकावर बसून लिफ्टच्या दारांची कुलपं दुरुस्त करतो. सकाळी बाकीचे गडी कमरेचे सुरक्षापट्टे व्हॅनमध्ये टाकून निघतात. त्यांच्यात आता त्याचा पट्टा नसतो. व्हॅन वळणाआड जाईपर्यंत तो मान वर करत नाही.

परवाच्या गुरुवारी साडेतीनला तो मोरीशी उभा राहून ब्रशने नखांतलं वंगण काढत होता. इस्त्रीचा शर्ट खिळ्याला टांगलेला.

"ए पाल्युका, नटूनथटून कुठे?" मुकादम भर कारखान्यात ओरडला.

"मानसतज्ज्ञ बाईंकडे," एवारिस्तो तितक्याच मोठ्याने म्हणाला आणि दुसऱ्या हाताची नखं घासू लागला.