तबकातली शाल

मी एक जुनी शाल आहे. रंग डाळिंबी, काठ जरीचे, मुक्काम वाराणसीत दुर्गाघाटाजवळच्या एका मराठी मंडळाच्या कचेरीत. मित्रांनो, माझी गोष्ट कडू आहे. ती घडली तशीच सांगते.

माझा जन्म इथलाच. मदनपुऱ्यातल्या हातमागावर मला विणायला अकरा दिवस लागले. मंडळाने मला आणले आणि एक रिवाज पडला. सत्कार कोणाचाही असो, शाल मीच. खांद्यावर घालायची, फोटो काढायचा, घडी करून परत तबकात ठेवायची. सत्कारमूर्तीने नारळ तेवढा घरी न्यायचा. एकोणीस वर्षांत वैदिक, रेल्वेतले साहेब, विद्यापीठातले प्राध्यापक असे कितीतरी खांदे मी पाहिले. "काय सुंदर शाल आहे!" असे सगळेच म्हणत. मलाही ते खरे वाटू लागले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणीला, म्हणजे जानवे बदलण्याच्या दिवशी, गंगा चढली होती. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. वीस-बावीस पुरुष ओंजळीत पाणी घेऊन संकल्प म्हणत होते. नंतर वृद्ध ढुंढिराजगुरुजींचा सत्कार व्हायचा होता, म्हणून मी तबकात तयार होते. दोन पायऱ्या खाली मंडळाच्या स्वयंपाकीण अंबिकाबाई पूजेची भांडी घासत होत्या.

सकाळी सव्वासातला पायऱ्यांवर खेळणारी आठ वर्षांची सई शेवाळावरून घसरली आणि पाण्यात गेली.

संकल्प थांबला. ओंजळी मात्र तशाच राहिल्या. हातातले पाणी मध्येच सोडावे की नाही, हे कोणालाच ठरवता येईना. "अरे, मल्लाह को बुलाओ!" कोणीतरी नावाड्यासाठी ओरडले.

अंबिकाबाईंनी पदर खोचला, बांधलेल्या नावेचा दोर मनगटाला गुंडाळला आणि उडी मारली. सईला त्यांनी पायरीपर्यंत आणले. मंडळाचे अध्यक्ष दिनानाथ यांचा पुतण्या विश्वेश वरच्या पायरीवर होता. त्याने वाकून सईला वर घेतले. तेवढ्यात कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

अंबिकाबाई निथळत वर आल्या. त्यांनी मला तबकातून ओढले आणि कुडकुडणाऱ्या सईभोवती गुंडाळले.

"अहो अंबिकाबाई, ती सत्काराची शाल आहे!" दिनानाथ म्हणाले.

"मग करा की हिचा सत्कार. जिवंत आहे ना."

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. खाली नाव विश्वेशचे. अंबिकाबाईंचा फक्त ओला हात दिसत होता, तोही कडेला. मंडळाने रविवारी विश्वेशचा शौर्यसत्कार ठरवला.

"काका, मी फक्त वर घेतलं. पानी में तो वो उतरी थीं," विश्वेश म्हणाला.

"मी काय आंधळा होतो? पण अखबारात तुझं नाव आलंय. आणि त्यांचं नाव घेतलं, की लोग पूछेंगे, बाकीचे काय करत होते?"

मग दिनानाथांनी मला अंबिकाबाईंच्या हातात दिले. "रविवारी लागणार आहे. गाळाचा डाग तेवढा काढा."

त्या मला रिठ्याच्या पाण्यात चोळत असताना विश्वेश आला.

"मावशी, मी माइकवर सांगणार आहे. खरं काय ते."

त्यांचे हात थांबले. "सांग बाबा. पंचवीस वर्षं झाली. माइकवरून 'चहा आणा' एवढंच येतं. माझं नाव कधी आलं नाही." मला पुन्हा चोळू लागत त्या म्हणाल्या, "मी दारातच असेन."

त्यांनी मला तीनदा धुतले. एका कोपऱ्यातला डाग राहिलाच.

रविवारी मी विश्वेशच्या खांद्यांवर होते. चांगला मुलगा होता तो, हेही नोंदवून ठेवते. माइकसमोर जाऊन तो म्हणाला, "खरं तर त्या दिवशी..."

दिनानाथांनी टाळी वाजवली. मग घाटावर ज्यांच्या ओंजळी भरलेल्या होत्या, त्या सगळ्यांनी वाजवली. विश्वेशने दाराकडे पाहिले. अंबिकाबाई ट्रे धरून उभ्या होत्या. नवी साडी नेसून आल्या होत्या. टाळ्या काही जन्मभर चालणार नव्हत्या. त्या थांबेपर्यंत उभे राहायचे, एवढेच काम होते. पण माझ्याखालचे खांदे सैल पडले.

"...आप सबका धन्यवाद," तो म्हणाला आणि बसला.

"चहा आणा!" दिनानाथ माइकवरून म्हणाले.

अंबिकाबाईंनी पहिला कप विश्वेशपुढे ठेवला. "घे. निवेल." त्याला तो उचलता आला नाही.

पुढच्या सत्काराआधी कोणाला तरी माझ्या कोपऱ्यातला डाग दिसला. नवी शाल आली. मी आता लाउडस्पीकरवर धूळ बसू नये म्हणून पसरलेली असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. मला कसर लागली तरी चालेल. पण कोणाच्या खांद्यावर शाल घालाल, तेव्हा एकदा दाराकडे पाहा, तिथे ट्रे घेऊन कोण उभे आहे ते. आणि कोणी "खरं तर" म्हणून सुरुवात केली, तर टाळ्या वाजवू नका. त्याला बोलू द्या.