सुतारशाळेला अडलेला मनोरा

हसू नका मित्रांनो, पण एके काळी अख्खं विद्यापीठ माझ्या पाठीवर वसलं होतं. मी त्या विद्यापीठाची जुनी लाकडी प्रतिकृती. आज तळघरात, मोडक्या खुर्च्यांमागे धूळ खात पडले आहे.

सुतारकाकांनी मला घडवलं, तेव्हा ते खासगी विद्यापीठ नुकतंच सुरू झालं होतं. माझ्या फळीवर तीनच ठोकळे होते: एक दुमजली इमारत, पाण्याची टाकी आणि काकांची पत्र्याची सुतारशाळा. बाकीचे ठोकळे काकांनी नुसत्या सरसाने चिकटवले, सुतारशाळेला मात्र दोन पितळी खिळे मारले. माझी काच पुसणाऱ्या मावशी चिडवायच्या, "काका, स्वतःचं बरं पक्कं केलंत!"

"मावशी, बाकीच्यांची काय ती अदलाबदल होईल. ही कुठं जातेय?"

पुढची दहा वर्षं विद्यापीठ नुसतं फोफावलं. वसतिगृह झालं, ग्रंथालय झालं, प्रयोगशाळा तर किती झाल्या! प्रत्येक उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काका नव्या इमारतीचा ठोकळा माझ्यावर बसवायचे. पाहुणे काचेला नाक लावून वाहवा करायचे. खोटं कशाला बोलू, मला ताठा चढला होता.

दहाव्या वर्षी चौदा मजली मनोऱ्याचा नकाशा आला. काकांनी महिनाभर खपून सागवानी ठोकळा केला, एकेक खिडकी कोरली. पण मेला बसेचना! त्याचा कोपरा सुतारशाळेला अडायचा. "माझंच माप चुकलं. वय झालं," असं पुटपुटत काकांनी तीनदा मोजलं. तेवढ्यात कुलसचिव साहेब पाहायला आले.

"माफ करा साहेब, ठोकळा मोठा झाला. सुतारशाळा आडवी येतेय."

साहेबांनी मोबाइलमधून मानही वर केली नाही. "अहो, ती पाडायचीच आहे ना. आता फर्निचर तयारच येतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"नाही हो."

"बरं, मग काढून टाका. उद्या मनोऱ्याच्या भूमिपूजनाला पाहुणे यायचेत."

काकांनी पक्कड आणली. स्वतः ठोकलेले खिळे त्यांनी स्वतःच उपटले. मला फार दुखलं, मित्रांनो. मग मनोरा बसला, अगदी चपखल. काकांचं माप कुठेच चुकलं नव्हतं.

महिन्याभरात सुतारशाळा पाडली, काकांची नोकरीही गेली. पुढे माझ्या जागी भिंतीवर मोठा डिजिटल पडदा लागला आणि माझी रवानगी इथे झाली. आता वाळवीने मला पोखरलं आहे. कुणी येईल, ही आशा मी केव्हाच सोडली.

मला जपा, असं म्हणण्याची वेळ टळून गेली. तुम्ही खूप मोठे व्हा. फक्त नव्याला जागा करताना ज्याला उठवणार आहात, त्याला निदान आधी समोर बसवून सांगा. माझ्या काकांना ते, ठोकळा अडवून, मला सांगावं लागलं.