एक शे

“एक वजा कॉस वर्ग थीटाच्या जागी काय लिहाल?” रत्नानं फळ्यावर खडू टेकवत विचारलं.

दहावीचा वर्ग वह्यांत पाहू लागला. मागच्या बाकावर जळगावच्या या शाळेचे मुख्याध्यापक हेमराज सर आणि संस्थेचे दोघं नमुना पाठाचे गुण द्यायला बसले होते. जागा एकच, पण कायम. साक्रीजवळच्या खेड्यात रत्ना बारा वर्षं तासिकांवर गणित शिकवत होती. पुढच्या महिन्यात वयाची मर्यादा संपणार होती. हा अर्ज शेवटचाच.

“साइन वर्ग?” भूमिका नावाची मुलगी पुटपुटली.

“शाब्बास! आणि कोसेक वर्ग म्हणजे?”

“एक भागिले साइन वर्ग!” आता चार-पाच आवाज आले.

मुलांचे डोळे उजळले तशी रत्ना परीक्षा विसरली. वर साइन वर्ग, खाली साइन वर्ग. दोन्हींवर तिरक्या रेघा ओढून ती वर्गाकडे वळली आणि घरची अहिराणी तोंडात आली.

“दखा, बठ्ठं गयं! आते उत्तर एक शे!”



“मॅडम, एकशे किती?” भूमिकानं खरंच न कळून विचारलं.

“एकशे आठ! ॲम्ब्युलन्स बोलवा!” मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हशानं फुटला. संस्थेचा एक जण रुमालात हसला.

“एक आहे,” रत्ना घाईनं म्हणाली. “उत्तर एक आहे.” ते कुणाला ऐकू गेलं नाही.

ऑफिसात हेमराज सरांनी चहा पुढे सरकवला. “गणित पक्कं आहे हो तुमचं. पण इथले पालक भाषेबद्दल फार बोलतात.”

“सर, दुसरं कुठलंही उदाहरण द्या. पुन्हा घेते पाठ.”

“आता कशाला? अन् खेड्यातही तुमच्यासारखी माणसं हवीतच की.”

तिनं चहा पूर्ण प्यायला. टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

साक्रीच्या गाडीत वाहक तिकिटं फाडत तिच्यापाशी आला.

“कोठे जानं शे, अक्का?”

रत्नानं तोंड उघडलं, मिटलं. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “साक्रीला जायचं आहे.”

वाहकानं तिला एकदा नीट पाहिलं. त्याचा आवाज बदलला.

“मागे जागा आहे, मॅडम. बसून घ्या.”